अर्धा मुहूर्त

भाऊ नसलेल्या मुलींसाठी भाऊबीजेला चंद्राची सोय आहे. मी एकुलती एक असल्यामुळे ही सोय लहानपणी दर वर्षी वापरली. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीतून द्वितीयेची कोर जेमतेम दिसायची. ती बारीक असते, पश्चिमेला खाली असते आणि सूर्य मावळल्यावर फार वेळ थांबत नाही, म्हणून आई दुपारच्या चहानंतरच तबक मांडायला घेत असे: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि तिच्या बोटातली सोन्याची अंगठी. कोर दिसली, की मी हवेतच बोट टेकवून चंद्राला कुंकू लावायची, अक्षता उडवायची, ओवाळायची आणि मग हा भाऊ ओवाळणी काय देणार, हा प्रश्न उभा राहायचा. त्याचे उत्तर बाबांकडे असे. ते मागून हात घालून तबकात अकरा रुपये टाकत आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत, की चंद्राने हे सकाळीच माझ्याकडे देऊन ठेवले होते.

ही युक्ती ज्या कोणी काढली, त्या माणसाने पाडव्याचा विचार केलेला दिसत नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बायको नवऱ्याला ओवाळते आणि पुष्कळ घरांत मुलगी वडिलांना ओवाळते. नवरा नसेल आणि वडीलही नसतील, तर त्या दिवशी हातातले तबक कोणापुढे धरायचे, याबद्दल कॅलेंडरच्या मागच्या पानावर काहीही छापलेले नसते. माझे वय ४१ आहे. आधी बाबा आणि नंतर आई गेली, त्यालाही आता काही वर्षे झाली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये माझा घटस्फोट झाला. त्यानंतरची ही तिसरी दिवाळी.

घटस्फोटाबद्दल थोडेसेच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही आणि नेमके हेच लोकांना पटत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्परसंमतीने आम्ही वेगळे झालो. या कलमात पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो, नवरा-बायकोला पुन्हा विचार करता यावा म्हणून. योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेले आहे आणि आमच्या वकीलबाईंनी तसा अर्ज करायचा का, हे विचारलेही होते. आम्ही नको म्हटले. नऊ वर्षे गेली होती, सहा महिन्यांनी काय बिघडणार होते? त्या नऊ वर्षांतला शेवटचा पाडवा मात्र मला स्पष्ट आठवतो. मी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटे ओढली, तो फोन हातात घेऊनच पाटावर बसला, मी ओवाळले आणि तबक खाली ठेवते आहे तोच माझा फोन वाजला. त्याने ओवाळणी पाठवली होती. समोर बसून, दोन हातांच्या अंतरावरून, माझ्या खात्यात रुपये पाच हजार. रक्कम चांगली होती आणि पाठवण्यात वाईट हेतूही नव्हता. तबकात मात्र सुपारी आणि अंगठी याखेरीज काही नव्हते आणि मी बराच वेळ त्या तबकाकडे पाहत उभी होते.

एकट्या बाईसाठी मराठीत धड शब्द नाही, हेही याच दोन वर्षांत लक्षात आले. पुरुषासाठी ‘सडाफटिंग’ हा निदान ऐटदार शब्द तरी आहे. तो उच्चारताच खिशात हात घालून शीळ घालत चाललेला माणूस दिसतो. बाईला ‘अविवाहित’, ‘घटस्फोटित’, ‘परित्यक्ता’ असे अर्जावरच्या रकान्यातले शब्द मिळतात किंवा मग ‘एकटीच असते बिचारी’ हे संपूर्ण वाक्य मिळते. म्हणून हल्लीच्या मुली ‘मी सिंगल आहे’ असे म्हणतात, ते मला पटते. परका असला तरी तो शब्द हलका आहे आणि त्याच्या मागे ‘बिचारी’ लागत नाही.

दिवाळीत हा विषय जास्त निघतो, याला कारण आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचे लग्न लागले, की माणसांच्या लग्नांचा हंगाम उघडतो आणि त्यामुळे फराळाची ताटे पुढे-मागे होत असताना स्थळांची चौकशीही सुरू होते. ‘यंदा कर्तव्य आहे का?’ हा आपला जुना आणि सभ्य प्रश्न आहे. मुलीच्या आईबापांना तो चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारला जातो. आईबाप नसले, तर तो थेट मुलीपर्यंत येतो. माझ्या आत्याचा फोन वसुबारसेलाच आला.

“ठाण्याचे आहेत. त्यांचंही दुसरेपणाचंच आहे. बँकेत आहेत, एक मुलगा आहे, तो शिकायला बाहेर असतो. तू फक्त भेट गं. भेटायला काय लागतं?”

“आत्या, मला आत्ता भेटायचं नाहीये.”

“बरं, नको भेटूस. पण दिवाळीत एकटीनं दार लावून बसायचं नाही, सांगून ठेवते. सणाला घर अंधारात ठेवू नये.”

आत्याला मी दोष देत नाही. पहिल्या दिवाळीत मी खरोखरच दार लावून घेतले होते, तेही आतून नव्हे, बाहेरून. कुलूप घालून चार दिवस कोकणात निघून गेले आणि तिथल्या लॉजमध्ये दिवाळीला सहकुटुंब आलेली माणसे पाहून परत आले. दुसऱ्या दिवाळीत आत्याकडेच गेले. तिथे सगळ्यांनी माझ्याशी इतक्या जपून वागायचे ठरवलेले होते, की पाडव्याला सुनेने नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन, दार अर्धवट लोटून ओवाळले. त्या अर्धवट लोटलेल्या दारामुळेच बहुधा, यंदा आपल्या घरी आपली दिवाळी करायची, असे मी ठरवून टाकले.

आपली दिवाळी करायची म्हणजे आधी फराळ आला. आईच्या वहीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण आहे: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, शिवाय धणे-जिरे. तिची वाटी म्हणजे मोठी, काठ वळलेली पितळी वाटी. त्या मापाने केलेल्या चकल्या आमच्या चाळीतल्या सात घरांत जात असत. मी सगळ्याचे चौथ्या हिश्शाने गणित केले, तेव्हा मूग डाळ वाटीचा आठवा भाग आली आणि ती मोजायला मला चमचे घ्यावे लागले. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर एकेक धान्य वेगळे भाजून जे काही जमले, ते एका लहान डब्यात मावले. तो डबा गिरणीवाल्याने हातात घेऊन हलवून पाहिला.

“ताई, एवढं तर जात्यातच राहील.”

त्याचे म्हणणे खरे होते. दिवाळीच्या आधी गिरणीत भाजणीची वेळ वेगळी ठेवतात, कारण गव्हावर भाजणी दळली तर गव्हाचे पीठ मिसळून चकली बिघडते; आणि अगदी थोडे दळण असले, तर ते पाळ्यांमध्ये आणि पिशवीच्या घड्यांत अडकून हाती निम्मेच येते. शेवटी माझ्या मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी आपला पाच किलोंचा डबा पुढे सरकवला आणि माझी भाजणी त्यांच्या भाजणीच्या शेपटाला घालून दळावी, असे सुचवले. त्यांचे थोडे माझ्यात आले असेल, माझे थोडे त्यांच्यात गेले असेल. चकल्या उत्तम झाल्या. काटा सुंदर आला. त्यात त्या काकूंच्या भाजणीचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. करंज्याही केल्या, मोजून नऊ, आणि सारण उरले तेव्हा एक मोदक केला. आमच्याकडे करंज्यांबरोबर एक मोदक आणि मोदकांबरोबर एक करंजी करायचीच, बहिणीला भाऊ आणि भावाला बहीण असावी म्हणून. पाहा, करंजीचीसुद्धा सोय आहे.

यंदा धनत्रयोदशी शनिवारी आणि नरक चतुर्दशी सोमवारी आल्यामुळे मधला रविवार कोरा होता. त्या दिवशी मी झोपून घेतले. सोमवारी पहाटे साडेचारला उठले. पणत्या लावल्या, दारापुढे लहानशी रांगोळी काढली, कारीट आणून ठेवले होते ते पायाखाली चिरडले आणि कोमट तेलाची वाटी घेऊन बसले. हात, पाय, खांदे, मान इथवर सगळे व्यवस्थित झाले आणि मग पाठ आली. वरून हात घातला तर बोटे मानेखाली चार इंच पोहोचतात, खालून घातला तर कमरेच्या वर वीतभर जातात, आणि मधे, दोन खवाट्यांच्या मधोमध, तळहाताएवढी जागा अशी उरते, की तिथे आपला हात कोणत्याही बाजूने पोहोचत नाही. लहानपणी तिथे आईचा हात असे, उटण्याने पाठ अक्षरशः सोलवटून काढणारा. लग्नानंतर मी त्याच्या पाठीला आणि तो माझ्या पाठीला तेल लावत असू आणि हे काम आमच्यात शेवटच्या वर्षीसुद्धा झाले होते. आधल्या रात्री बोलणे झालेले नसतानाही. माणसाला जोडीदाराची उणीव कुठे भासते, याबद्दल लोक पुष्कळ काही सांगत असतात. मला ती त्या तळहाताएवढ्या जागेत भासली. पंचाच्या मधोमध तेल ओतून, दोन टोके धरून मी ते काम कसेबसे केले. पंचा वाया गेला. मोती साबणाची वडी उघडल्यावर मात्र न्हाणीघर दर दिवाळीसारखेच दरवळले.

उजाडल्यावर फडके रोडला गेले. डोंबिवलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की नरक चतुर्दशीच्या सकाळी गणेश मंदिरापासूनचा हा रस्ता पायी फिरणाऱ्यांचा होऊन जातो. गणपतीचे दर्शन हे निमित्त असते. सलवार-झब्बा आणि नऊवारी घालून आलेली तरुण मंडळी खरे तर एकमेकांना पाहायला आणि स्वतःला दाखवायला येतात. हे मंदिर १९२४ सालचे आहे आणि चैत्रातल्या गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये सुरू झाली तीही इथूनच, त्यामुळे वर्षातून दोनदा नवे काही सुरू करण्याची या रस्त्याला सवयच आहे. विशीत असताना आम्ही मैत्रिणी या रस्त्याच्या तीन-तीन फेऱ्या मारत असू, ओळखीच्या चेहऱ्यासमोरून जाताना मोठ्याने हसत असू आणि घरी येऊन ‘दर्शनाला गर्दी होती’ असे सांगत असू. यंदा मी एकच फेरी मारली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर चहा घेऊन बसले. कोणी कोणाला पाहते आहे, हे त्या पायरीवरून फार छान दिसते. हिरव्या झब्ब्यातला एक मुलगा चार वेळा एकाच मुलीच्या घोळक्यासमोरून गेला आणि चारही वेळा फोनवर बोलण्याचे सोंग करून गेला. मला वाईट वाटेल असे गृहीत धरून गेले होते. प्रत्यक्षात पाचवी फेरी होते का, हे पाहण्यासाठी मी दुसरा चहा मागवला. (झाली. मुलीने पाहिले.)

लक्ष्मीपूजन साधेच केले. नवी केरसुणी आणली होती, तिला हळदकुंकू वाहिले, लाह्या-बत्तासे ठेवले, शेजारच्या दोन घरांत फराळ देऊन आले. खरी धास्ती बुधवारची होती.

पाडव्याची सकाळ मात्र माझी कामाची असते. मी डोंबिवलीतल्या काही लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि त्यांतले एक हार्डवेअरवाले शेठ पाडव्याला पहाटेच्या मुहूर्तावर वहीपूजन करतात. त्यांचा सगळा व्यवहार आता संगणकावर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि तो मीच भरते. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे व्यापारी होते आणि शेठच्या वडिलांचे खाते तसेच चालत असे. आता कायद्याच्या दृष्टीने पाडव्याला काहीही सुरू होत नाही. तरीही शेठ दर वर्षी लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या आणतात, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, ‘श्री’ लिहितात आणि पूजा झाल्यावर शेठाणी वहीला ओवाळतात. गुरुजींनी यंदा विक्रम संवत २०८२ लागल्याचे सांगितले. बळीराजाचे चित्र पाटावर होते, तीन पावलांत सगळे गमावलेल्या त्या राजाचे, ज्याच्या नावाने हा दिवस आहे आणि ज्याचे राज्य परत यावे, असे आपल्या बायका ओवाळताना अजूनही म्हणतात. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण आणि ही बलिप्रतिपदा अर्धा मुहूर्त मानतात. अर्धा का, हे मी गुरुजींना विचारणार होते, पण ते पुढच्या दुकानाच्या घाईत होते.

इतकी वर्षे मी या पूजेला उभी राहत आले आहे, प्रसाद घेऊन घरी येत आले आहे. यंदा माझे लक्ष शेठाणींच्या हातातल्या तबकाकडे होते. शेठ बाजूला हात जोडून उभे होते, आणि निरांजनाचा उजेड त्यांच्यावर न पडता त्या बंद वहीवर गोल फिरत होता.

पूजेनंतर शेठनी डझनातली एक वही माझ्यापुढे धरली. “मॅडम, एक जास्तीची आली आहे. घेऊन जा. तुम्ही सगळ्यांचे लिहिता.” वाक्य त्यांनी अर्धेच सोडले.

नव्या सुरुवातीबद्दल या दिवसांत पुष्कळ शुभेच्छा येतात आणि त्यांत पाटी कोरी करण्याची कल्पना हमखास असते. हिशेबनीस म्हणून मला ती कधीच समजलेली नाही. नव्या वहीतले पहिले पान कोरे नसते. मागच्या वहीची अखेरची शिल्लक तिथे आरंभीची शिल्लक म्हणून लिहावीच लागते, येणी आणि देणी दोन्ही ओढून आणावी लागतात, आणि बुडीत गेलेले येणेसुद्धा रीतसर निर्लेखित केल्याशिवाय गाळता येत नाही. ज्याला पाटी कोरी करायची आहे, त्याला एक तर दुकान बंद करावे लागते नाहीतर खोटी वही ठेवावी लागते. त्यामुळे घरी येऊन जेव्हा मी ती वही उघडली, तेव्हा काय लिहायचे याचा विचार करत बसावे लागले नाही. भाड्याची अनामत, मुदत ठेव, पितळी वाटी, सोन्याची अंगठी. आईच्या बोटातली ती आता माझ्याकडेच आहे. नऊ वर्षांपैकी काय येणे आहे आणि काय देणे आहे, हेही मनात एकदा नीट मांडून पाहिले. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, जुळली असे म्हणवत नाही; पण फरक फार मोठा नव्हता.

मग पाट मांडला. रांगोळीची दोन बोटे ओढली. वही पाटावर ठेवली, तिला कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली आणि निरांजनाने ओवाळले. तबक खाली ठेवताना ते पुन्हा रिकामे दिसले, तेव्हा पर्स उघडून त्यात अकरा रुपये टाकले, दहाची नोट आणि एक नाणे, बाबा टाकत तसेच.

आलेले पैसे लिहायला हवे होते. रोकड खाते नावे, इथपर्यंत पेन थांबले नाही. जमेच्या बाजूला कोणाचे नाव घालायचे, याच्यापाशी मात्र ते थोडे थांबले, कारण ज्याच्याकडून पैसे आले त्याचे नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, आणि चंद्राचे नाव घालून चालले नसते. त्याचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. धंद्याच्या मालकाने स्वतःच्या खिशातून धंद्यात घातलेला पैसा कुठे लिहितात, हे मी गेली सतरा वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांत लिहीत आले आहे. तसेच लिहिले: भांडवल खाते जमा, रुपये ११.